तीन पिशव्यांतली सुकट

लिफ्टमध्ये आम्ही चौघी होतो. मी, माझी नऊ वर्षांची लेक, तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली एक बाई आणि तिची मुलगी. बाईच्या हातात भाजीची पिशवी, मुलीच्या पाठीवर दप्तर. तळमजल्यावरून तिसऱ्यावर जायला आमच्या लिफ्टला जेमतेम वीस सेकंद लागतात. तेवढ्यात माझ्या लेकीने नाक चिमटीत धरलं आणि माझ्याकडे बघून डोळे फिरवले. बोलली काहीच नाही. त्या बाईने ते बघितलं, तिच्या मुलीनेही बघितलं. तिसरा मजला आला, दार उघडलं, "बाय" म्हणून दोघी निघून गेल्या.

दार लागल्यावर लेक म्हणाली, "आई, ह्यांच्याकडूनच येतो ना गं तो वास?"

लिफ्टमध्ये तेव्हा कसलाही वास नव्हता. असलाच तर त्या पिशवीतल्या कोथिंबिरीचा.

आता आमच्या घराबद्दल थोडं सांगते, म्हणजे माझी कशी जिरली ते कळेल. आम्ही दोघं पुण्यात आयटीत. मुलगी झाली तेव्हाच ठरवलं होतं की हिला 'मोठ्या जगात' वाढवायचं. नवऱ्याने आत दिवा लागणारा पृथ्वीचा गोल आणला. रात्री झोपताना गोल फिरवायचा, डोळे मिटून बोट ठेवायचं, जो देश येईल त्याची राजधानी सांगायची. सहाव्या वर्षी ती बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू हे न अडखळता सांगायची आणि पाहुण्यांसमोर आम्ही ते दोनदा म्हणून घ्यायचो. 'तोत्तोचान' वाचून झालं. चॉपस्टिक्सने मॅगी खाऊन झाली. शाळेत 'कल्चर डे' असतो, त्यात ती गेल्या वर्षी जपान झाली. ड्रेसवाल्याकडून तीनशे रुपये भाड्याने किमोनो आणला, केसांत दोन पेन्सिली खोचल्या. फोटो छान आले.

इंफाळ कुठे आहे हे मात्र तिला माहीत नव्हतं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं. गोलावर भारत तळहाताएवढासुद्धा नाही, आणि त्यातला तो उजवीकडचा कोपरा बोटाखाली झाकला जातो.

त्या संध्याकाळी मी केलं ते कुठल्याही आईने केलं असतं. लेकीला धरून तिसऱ्या मजल्यावर नेलं आणि दारात उभं करून "सॉरी म्हण" म्हटलं. तिने फरशीकडे बघत सॉरी म्हटलं. मीही हिंदीत काहीतरी पुटपुटले, मुलं आहेत, समजत नाही वगैरे. ती बाई हसली. "कोई बात नहीं दीदी, होता है," म्हणाली. तिच्या मागे सोफ्यावर तिची मुलगी गृहपाठ करत होती. तिने मान वर केली नाही.

ते "होता है" मला रात्रभर पुरलं. चिडली असती तर बरं झालं असतं. तिच्या आवाजात रागही नव्हता, आश्चर्यही नव्हतं. पावसाळ्यात चप्पल भिजते तसं होता है.

घरी येऊन मी लेकीला रीतसर भाषण दिलं. सगळी माणसं सारखी, प्रत्येकाचं खाणं वेगळं, आपण कुणाला हसायचं नाही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण तूच तर थम्ब्ज अप केलंस."

"कशाला?"

"ग्रुपवर."

आठवायला मला दोन मिनिटं लागली. आठवडाभरापूर्वी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज आला होता. तिसऱ्या मजल्यावरून उग्र वास येतो, फ्लॅटमालकांनी भाडेकरू ठेवताना त्यांचं खाणंपिणं बघून ठेवावं, आपली सोसायटी 'चायना टाऊन' होऊ नये, आणि पुढे तीन हसरे चेहरे. त्याखाली सतरा अंगठे. त्यातला एक माझा. मी ऑफिसच्या कॅन्टीनच्या रांगेत होते, सगळ्यांनी दिला म्हणून दिला. मेसेज शेवटपर्यंत वाचलासुद्धा नसेल. लेक माझ्या फोनवर गेम खेळते, त्या फोनवर अधूनमधून मेसेज येतात, आणि तिला वाचता येतं. हे मला सुचलंच नव्हतं.

मी पहिल्यांदा काय केलं? बाथरूममध्ये जाऊन तो अंगठा काढून टाकला. धाडस म्हणतात ते एवढंच.

ह्यात लाज वाटावी अशी आणखी एक गोष्ट आहे. मी मूळची अलिबागची. आमच्याकडे पावसाळा म्हणजे सुकं. जून ते ऑगस्ट होड्या समुद्रात जात नाहीत. त्याआधी उन्हाळ्यात वलांडीवर बोंबील सुकतात, जवळा पसरतो, सोडे डब्यांत भरले जातात. चवळी नि सोडे, वांग्यात सुकट, बोंबलाची चटणी. पुण्यात लग्नाआधी मी मैत्रिणीबरोबर एक फ्लॅट भाड्याने घेतला होता. मालकांची अट एकच, "नॉनव्हेज चालणार नाही." आम्ही होकार दिला. घर मिळत नव्हतं, काय करणार. आई एस.टी.ने सुकटीचं पार्सल पाठवायची. ते मी एकात एक अशा तीन पिशव्यांत बांधून, त्यावर रबर लावून कपाटात कपड्यांच्या मागे ठेवायचे. मालक गावाला गेले की खिडक्या लावून, धूप जाळून भाजायचे. तेवीस वर्षांची कमावती मुलगी, आणि चोरून सुकट भाजत होते. एकदा शेजारच्या काकूंनी विचारलं, "काही जळतंय का गं?" मी म्हटलं, "दूध उतू गेलं." दुधाचा वास आणि जवळ्याचा वास ह्यात गल्लत कोण करेल! पण त्यांनीही सोडून दिलं.

मग आपला फ्लॅट झाला, नवऱ्याच्या घरचे पट्टीचे शाकाहारी निघाले, आणि तीन पिशव्या तशाच राहिल्या. आजही माझी सुकट फ्रीजरमध्ये तीन पिशव्यांत असते. लेकीने आयुष्यात एकदाही माझ्या हातात जवळा बघितलेला नाही. ती झोपल्यावर किंवा ती आजोळी गेली की मी करते. तेव्हा 'त्या' वासाला नाक धरायला तिला कुणी शिकवलं, हा प्रश्न मी फार वेळ विचारत बसले नाही.

अशा वेळी माणूस आजीकडे पळतो. मीही मनातल्या मनात पळाले. आमची आजी अलिबागेत इस्रायल आळीजवळ राहायची. रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्रायली ज्यू शेकडो वर्षं राहिले. त्यांचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले असं ते सांगतात. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं किहीमकर, नवगावकर, पेणकर. बोलणं मराठी, बायकांची लुगडी आपल्यासारखीच. नवस फेडायचा तर एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा, म्हणजे गोड पोहे, खोबरं आणि फळं. आजीच्या शेजारणीकडचा मलिदा आजीकडे यायचा, आजीकडच्या करंज्या तिकडे जायच्या. शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटत नाही हे आजीला कुणी शिकवलं नव्हतं. तिला ते पाठ होतं, जसं कुणाचा उपास कधी हे पाठ असतं. साठच्या दशकात ते कुटुंब इस्रायलला गेलं. जाताना शेजारणीने आजीला तांब्याचं घंगाळ दिलं. ते अजून आमच्या अंगणात आहे, त्यात कमळं लावलीत.

ही गोष्ट मी लोकांना खूपदा सांगितली आहे. टाळ्या मिळवणारी गोष्ट आहे. 'आमच्या आजीला ग्लोबल हा शब्दही माहीत नव्हता, पण...' अशी सुरुवात करायची, की पुढचं आपोआप जमतं.

ह्या वेळी मात्र तिच्या शेजारी दुसरी एक आठवण येऊन बसली. आजीकडे एक कातकरी बाई यायची. लाकडं, चिंबोऱ्या, पावसात रानभाज्या घेऊन. तीस वर्षं तरी येत असेल. आजीचा तिच्यावर जीव होता. तिच्या बाळंतपणाला आजीने जुनी लुगडी, डिंक, गूळ असं सगळं दिलं होतं. तिला चहाही मिळायचा, पडवीत. पडवीतल्या खुंटीला एक कान तुटलेला कप अडकवलेला असायचा, त्यातून. पिऊन झाला की ती तो स्वतः विसळून परत अडकवायची. मी लहानपणी एकदा त्या कपातून पाणी प्यायले तर आजीने माझ्या हातातून तो काढून घेतला. मारलं नाही, ओरडली नाही. नुसता काढून घेतला. मलिद्याचं ताट ज्या हातांनी घेतलं, त्याच हातांनी.

गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं १९५४ सालचं एक पुस्तक आहे, 'द नेचर ऑफ प्रेज्युडिस'. रात्री झोप येईना म्हणून फोनवर त्याच्याबद्दल वाचत होते. वेगवेगळी माणसं एकमेकांच्या संपर्कात आली की पूर्वग्रह कमी होतात, हे त्याचं म्हणणं आपण सगळे ऐकून असतो. पण त्याने त्याला अटी घातल्या होत्या. दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, दोघांचं काहीतरी सारखं उद्दिष्ट हवं, ते एकत्र मिळून करावं लागावं, आणि वरच्यांचा, म्हणजे कायद्याचा नि चालीरीतींचा, त्याला पाठिंबा हवा. नुसतं रोज भेटून काही होत नाही. आजी आणि ती बाई तीस वर्षं रोज भेटल्या. मध्ये कप होता.

आमच्या सोसायटीतही सगळे रोज भेटतात. लिफ्टमध्ये.

दोन दिवसांनी मी ग्रुपवर लिहिलं. चार वेळा खोडून एवढंच उरलं: 'मीही सुकट आणि बोंबील खाते, आणि त्यांनाही वास येतो. खाण्यावरून भाडेकरू ठरवायचे असतील तर माझ्या फ्लॅटबद्दलही चर्चा करावी.' निळ्या टिका आल्या. एकही अंगठा नाही. अर्ध्या तासाने कुणीतरी पाण्याच्या टँकरबद्दल विचारलं आणि गाडी पुढे गेली. रात्री एका बाईंचा खाजगी मेसेज आला, 'अगं, तुमचं वेगळं आहे. तुम्ही आपल्यातल्याच.' त्या मायेने बोलत होत्या हे मला माहीत आहे. त्याच बाईंनी माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू दिले होते.

नवरा म्हणाला, "आपल्याला इथे राहायचंय." तेही खोटं नव्हतं.

मुलींची मैत्री झाली, पण त्याचं श्रेय मला नाही. मी आखलेले सगळे बेत पडले. 'प्ले डेट' ठरवली तर दोघी दोन कोपऱ्यांत बसून चित्रं काढत राहिल्या. मैत्री झाली ती 'ळ'मुळे. ती मुलगी माझ्या लेकीच्याच शाळेत, आणि मराठी सक्तीची. तिला ळ काही केल्या म्हणता येईना. बाल, फल, कमल. बसमध्ये मुलं हसायची. लेकीने एक दिवस तिला जीभ मागे कशी वळवायची ते दाखवलं आणि आठवडाभर दोघी जिन्यात बसून 'काळा कावळा' म्हणत राहिल्या. बदल्यात तिने लेकीला ङ दिला. आपल्या तक्त्यात ङच्या चौकोनात चित्र नसतं. ते अक्षर आपण वाङ्मयापुरतं ठेवलंय. मैतेईत शब्द ङने सुरू होतो. ङा म्हणजे मासा. लेक तीन दिवस घरभर "ङा, ङा" करत फिरत होती, सर्दी झाल्यासारखी.

मग लिपी आली. मैतेई मयेक लिपीत अक्षरांची नावं शरीराच्या अवयवांवरून आहेत. क म्हणजे कोक, डोकं. स म्हणजे सम, केस. ल म्हणजे लाइ, कपाळ. म म्हणजे मीत, डोळा. न म्हणजे ना, कान. दोघी स्वतःच्या अंगावर बोटं ठेवून मुळाक्षरं म्हणायच्या आणि गुदगुल्या होऊन थांबायच्या. "आई, ह्यांच्यात नाकाचं अक्षरच नाहीये," लेकीने येऊन सांगितलं. मी खात्री केली. पापणी आहे, थुंकीसुद्धा आहे, नाक खरंच नाही.

त्या मुलीच्या आईला मी इथे इमा म्हणते. मैतेईत आईला इमा म्हणतात आणि तिची मुलगी तिला दिवसातून दोनशे वेळा तशीच हाक मारते. इमाला स्वतःला ती लिपी नीट वाचता येत नाही. तिच्या शाळेत मणिपुरी बंगाली लिपीतून शिकवत. जुनी लिपी परत आणावी म्हणून तिथे मोठं आंदोलन झालं. २००५ साली त्या चळवळीत इंफाळचं मध्यवर्ती ग्रंथालय जाळलं गेलं. लिपीवरच्या प्रेमापोटी पुस्तकं जाळली, हे सांगताना इमा कसंनुसं हसली. त्यानंतर शाळांत मैतेई मयेक आली आणि मुलं आईबापांना न येणाऱ्या अक्षरांत लिहू लागली. मी तिला म्हटलं, आमच्याकडे पणजोबांचे जमिनीचे कागद मोडीत आहेत, घरात एकालाही वाचता येत नाहीत. जाणकाराकडे न्यायचे म्हणून वडिलांनी काढून ठेवले, ते तसेच राहिले. ती म्हणाली, "तो फिर जमीन किसकी है, कैसे पता?" ह्यावर मी अजून विचार करते आहे.

हे सगळं गोड चाललं होतं. इथेच थांबले असते तर बरा लेख झाला असता.

इमाचं कुटुंब पुण्याला आलं ते २०२३च्या पावसाळ्यात. त्या वर्षीच्या ३ मेपासून मणिपूर पेटलं होतं. मैतेई आणि कुकी समाजांतला हिंसाचार. दोनशेहून जास्त माणसं मेली, साठेक हजारांची घरं सुटली. मैतेई खोऱ्यात आणि कुकी डोंगरात अशी सरळ फाळणीच झाली. कित्येक आठवडे इंटरनेट बंद. इमा रोज रात्री आईला साधा फोन लावायची आणि लागेपर्यंत लावत राहायची. आमच्या ग्रुपवर सतरा अंगठे पडत होते तेव्हाची ही गोष्ट.

एक दिवस लेक शाळेतून गोंधळून आली. त्यांच्या शाळेत वरच्या वर्गात एक नवी मुलगी आली होती, तीही मणिपूरचीच. लेकीला वाटलं, आता दोघींची मजा. तिने ओळख करून द्यायला मैत्रिणीचा हात धरून ओढला तर तिने हात सोडवून घेतला. "इमा म्हणाली, तिच्याशी बोलायचं नाही. ती कुकी आहे." लेक मला विचारत होती, "पण आई, त्या दोघी एकाच गावच्या ना?"

मी धीर करून इमाशी बोलले. धीर कसला, आगाऊपणाच म्हणा. खरं तर माझ्याकडे तेच भाषण तयार होतं, सगळी माणसं सारखी वगैरे. इमाने गॅस बारीक केला आणि म्हणाली, "दीदी, मेरी बुआ का घर जल गया. मैं इसको क्या बोलूँ?" मग बराच वेळ काही बोललीच नाही. भांडी आवरली, ओटा पुसला. शेवटी म्हणाली, त्या मुलीच्या आईचंही जळलं असेल. पण हे ती माझ्याशी बोलली, तिच्या मुलीशी नाही. मी भाषण केलं नाही. माझं कुणाचं घर कधी जळलेलं नाही. मी एक अंगठा दिला तर तो काढायला मला बाथरूममध्ये जावं लागलं होतं.

पुढे काय झालं ते मला पूर्ण माहीत नाही. लेक सांगते, त्या दोघी बोलत नाहीत, पण बसमध्ये एकदा पुढच्या-मागच्या सीटवर बसल्या होत्या. तिला ही मोठी बातमी वाटली. मलाही वाटली.

गेल्या महिन्यात मी दिवसाढवळ्या सुकट केली. शनिवारी, अकरा वाजता, खिडक्या उघड्या ठेवून. तिन्ही पिशव्या सोडल्या, जवळा कोरडाच तव्यावर भाजला, मग कांदा, मिरची, कोकम. नवरा बाल्कनीत जाऊन बसला, पण बसला. इमा आणि तिची मुलगी वर आल्या, येताना डब्यात इरोंबा घेऊन. उकडलेल्या भाज्या, बटाटा, मिरच्या आणि ङारी, म्हणजे मडक्यात आंबवलेली मासळी, हे सगळं ठेचून करतात. ग्रुपवरचा 'तो' वास म्हणजे हाच. तिखट होता, जिभेवर बराच वेळ राहणारा. मला आवडला. लेकीने बोटाच्या टोकावर घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "मला नाही आवडलं. पण पुढच्या वेळी थोडा कमी तिखट चाखून बघेन." बरं, निदान नाक नाही धरलं, असं म्हणून मी हुश्श करते तोवर इमाची मुलगी सुकटीच्या ताटलीवर वाकली, आणि नाक चिमटीत धरून मागे सरकली.

इमाने तिला मैतेईत जे सुनावलं त्यातला एकही शब्द मला येत नव्हता. वाक्य मात्र अख्खं कळलं.

आता त्यांचं अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपत आलंय. फ्लॅटमालक भला माणूस आहे, तो परदेशात राहतो. कमिटीने त्याला पत्र पाठवलंय असं कळतं. रविवारी अकराला क्लबहाऊसात मिटिंग आहे. काल अजेंडा आला: पाण्याच्या टाकीची सफाई, पार्किंगचे स्टिकर, गणपतीची वर्गणी, आणि चार नंबरला 'भाडेकरूंबाबत धोरण'. लेकीने तो माझ्या फोनवर माझ्याआधी वाचला.

"तू जाणार आहेस?"

"हो."

"बाबा?"

"विचारते."

"बोलणार आहेस की नुसती जाणार आहेस?"

मी तिला म्हटलं, जा, दात घासून ये, उशीर झालाय.